रॅप्ड टोकन ही गोदामाची पावती. पण पोती आहेत का?

मावळात भाताची मळणी झाली की सगळाच माल लगेच बाजारात जात नाही. समजा, वडिवळ्याच्या एका शेतकऱ्याने पन्नास पोती इंद्रायणी परवानाधारक गोदामात ठेवली. गोदामातून त्याला पावती मिळते. ती तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेता येते, ती दुसऱ्याच्या नावेही करता येते. भात मात्र जागचा हलत नाही. शेवटी पावतीचा मालक माल सोडवतो आणि पावती रद्द होते.

क्रिप्टोमधले ‘रॅप्ड टोकन’ ही ढोबळमानाने अशीच पावती आहे.

याची गरज का पडते?

बिटकॉइनची नोंदवही वेगळी, इथेरियमची वेगळी. एका वहीतले नाणे दुसऱ्या वहीत थेट चालत नाही. कर्ज, व्याज, अदलाबदल अशा सोयी मात्र इथेरियमवर जास्त आहेत. म्हणून खरे बिटकॉइन एका सांभाळकर्त्याकडे ठेवायचे आणि तेवढ्याच संख्येची टोकन इथेरियमवर काढायची, अशी युक्ती निघाली. ‘रॅप्ड बिटकॉइन’ म्हणजे डब्ल्यूबीटीसी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाले. त्यामागची नाणी बिटगो ही कंपनी सांभाळत असे. एका टोकनमागे एक बिटकॉइन, हे त्याचे वचन. बिटकॉइन परत घेतले की टोकन नष्ट केले जाते. मात्र हे काम नेमलेल्या व्यापारी संस्थांमार्फतच होते. सामान्य धारक सहसा टोकन बाजारात विकून मोकळा होतो.

धोका कुठे आहे?

पावतीचे मोल गोदामातल्या पोत्यांवर ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन साखळ्यांना जोडणाऱ्या ‘वर्महोल’ या पुलातली चूक शोधून एका हल्लेखोराने काहीही जमा न करता १,२०,००० रॅप्ड इथर तयार केले. किंमत होती ३२ कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे पावत्या छापल्या गेल्या, पोती आलीच नव्हती. त्यामागच्या गुंतवणूकदार कंपनीने स्वतःच्या खिशातून भर घातली, म्हणून धारक वाचले. दर वेळी असा कोणी उभा राहीलच, असे नाही.

सांभाळकर्ता बदलला तरी प्रश्न उभा राहतो. बिटगोने ऑगस्ट २०२४ मध्ये डब्ल्यूबीटीसीचा ताबा दुसऱ्या संस्थेसोबत वाटून घेण्याची घोषणा केली आणि वाद पेटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉइनबेस या मोठ्या बाजारमंचाने त्याची खरेदी-विक्री थांबवली.

पुणेकरांनी काय पाहिले आहे?

‘गेनबिटकॉइन’ योजनेत बिटकॉइन गुंतवल्यास १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. पैसे फिरेनासे झाले तेव्हा गुंतवणूकदारांच्या हाती बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ हे योजनेचेच टोकन ठेवले गेले, ज्याची किंमत कितीतरी कमी होती. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूरसह देशभर छापे पडले. मधल्या काळात, २०२२ मध्ये, याच प्रकरणात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून पुण्यात अटक झाली.

एमकॅप हे रॅप्ड टोकन नव्हते. त्यामागे मोजून ठेवलेले काहीच नव्हते. पण फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात: एक नाव, एक आकडा, एक हिरवी रेघ. जमीन विकून आलेला पैसा हाती असलेल्या घरात ‘हे बिटकॉइनच आहे, फक्त रॅप्ड’ असे सांगत कोणी आला, तर हा फरक ओळखता आला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

गोदामाच्या पावतीसाठी २००७ चा कायदा आहे, नियामक प्राधिकरण आहे. रॅप्ड टोकनमागची नाणी मोजणारी अशी यंत्रणा भारतात नाही. कर मात्र आहे: १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का टीडीएस. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. बिटकॉइन देऊन रॅप्ड टोकन घेतले तर कर कसा मोजायचा, हे आधी सनदी लेखापालाला विचारावे.

कर भरला म्हणजे संरक्षण मिळाले, हा समज खोटा आहे. सरकार या व्यवहारातून महसूल घेते, तर दुसऱ्याची नाणी सांभाळणाऱ्यांसाठी नियमित तपासणीची सक्तीही त्याने करायला हवी. परवानाधारक गोदामाला जी शिस्त लागते, ती इथे का नको?

तोवर टोकन घेण्याआधी चार प्रश्न विचारा. मूळ नाणे कुणाच्या ताब्यात आहे? त्याचा साठा कुणालाही तपासता येतो का? टोकन देऊन मूळ नाणे परत मिळते का, आणि कुणामार्फत? पूल किंवा सांभाळकर्ता बुडाला तर भरपाई कोण देणार?

समोरचा यातल्या एकाही प्रश्नावर ‘ते तुम्ही माझ्यावर सोडा’ म्हणाला, तर पैसे देऊ नका.