मंगनी आणि निकाहच्या मधले दिवस



मागच्या महिन्यात आम्ही दोघं उमरठला जाऊन आलो. पोलादपूरला आमच्या साढूंचं घर आहे. त्यांच्या धाकट्या मुलीची मंगनी नुकतीच झाली होती, म्हणून मुबारकबाद द्यायला गेलो होतो. घरात पाहुण्यांची ये-जा, मिठाईचे डबे, निकाहची तारीख कधी धरायची याची चर्चा. भाची मात्र गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "खाला, तुमचा संसार जिथं सुरू झाला ते गाव मला दाखवा ना." आम्ही तिघं निघालो.

आमच्यापैकी एकाची जिल्हा परिषदेच्या शाळेतली पहिली नेमणूक त्या भागातली. लग्नाला चार महिने झाले होते. एक खोली, एक रॉकेलचा स्टोव्ह, दोन ट्रंका आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत न थांबणारा पाऊस. कपडे वाळायचे नाहीत, वाट चिखलानं भरलेली. पण शेजार असा मिळाला की त्या तीन वर्षांत आम्हाला परकं वाटलं नाही. ईदला आमच्या खोलीतून शिरखुर्मा जायचा आणि गणपतीत शेजारच्या वहिनींकडून मोदक यायचे.

भाचीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग तानाजींच्या समाधीजवळच्या पायरीवर बसल्यावर ती मूळ गोष्टीवर आली. तिचा नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दोन वर्षं झाली, एक उरलं. मंगनीत सगळं ठरलं. मेहर ठरला, पाहुणे किती ते ठरलं, जेवण कुणाकडून ते ठरलं. आणि आठ दिवसांनी मुलाकडून निरोप आला की निकाह दोन महिन्यांत उरकू, शिक्षण आता पुरे झालं.

"अब्बा म्हणतात, एवढ्यावरून चांगलं स्थळ मोडायचं का? मला मोडायचं नाही, खाला. मुलगा चांगला आहे. पण मला कुणी विचारलंच नाही."

तिचं शेवटचं वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कारण त्या गावात आमच्यापैकी एक गुरुजी म्हणून आला होता आणि दुसरी बारावीची परीक्षा सोडून आली होती. कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याला वाटलं, हिला शिकायचं नसेल. बायकोला वाटलं, यांना आवडणार नाही. ही गोष्ट आम्ही एकमेकांशी बोललो, तेव्हा आमची मुलं शाळेत जायला लागली होती. तोवर पुस्तकं कुठल्या ट्रंकेत आहेत हेही आठवत नव्हतं.

त्या वेळी भाचीला आम्ही धीराचे दोन शब्द सांगितले, पण उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर कपाटातून एक पुस्तक काढलं. आमच्या शाळेत अहमदनगरकडच्या एक ख्रिस्ती बाई शिकवायच्या. त्यांचा साखरपुडा झाला त्या वर्षी त्या एक इंग्रजी कादंबरी सारखी जवळ बाळगायच्या, आणि बदली होऊन जाताना ती आम्हाला देऊन गेल्या. कादंबरीचं नाव 'सगुणा', लेखिका कृपाबाई सत्थियनाधन. ही कादंबरी बरीचशी लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली आहे. या महिन्याचा लेख त्या कृपाबाईंच्या संसारावर आहे. तो संसार ख्रिस्ती घरातला आणि सव्वाशे वर्षांहून जुना आहे, पण आमच्या भाचीच्या प्रश्नाला तो फार जवळचा आहे.

कृपाबाई आपल्या मराठी मुलखातल्या. जन्म १८६२ सालचा, अहमदनगरचा. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेलं जोडपं. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर यानं बहिणीला वाचायची गोडी लावली, तिच्याशी बरोबरीनं बोलला, पण तोही तरुण वयात गेला. पुढे मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत असताना डॉक्टर व्हायचं तिच्या मनानं घेतलं. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळत होती, पण तब्येत नाजूक, इतका लांबचा प्रवास झेपणार नाही असा सल्ला मिळाला. म्हणून १८७८ साली तिनं मद्रासच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. ज्या काळात दहा-अकरा वर्षांच्या मुलींची लग्नं लागत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मद्रासमध्ये तिच्या राहण्याची सोय रेव्हरंड सत्थियनाधन यांच्या घरी झाली. हे तमिळ ख्रिस्ती कुटुंब. घरच्या बाई अ‍ॅना सत्थियनाधन स्वतः मुलींच्या शाळा चालवायच्या. कृपाबाईंनी पहिल्या वर्षी परीक्षेत उत्तम यश मिळवलं, पण वर्षभरातच प्रकृती ढासळली आणि कॉलेज सोडावं लागलं. त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या. बरं वाटल्यावर पुन्हा मद्रासला गेल्या, तेव्हा त्या घरच्या मुलाशी, सॅम्युएलशी त्यांची ओळख वाढली. तो केंब्रिजला शिकून आलेला. ओळखीतून मैत्री झाली आणि मैत्रीतून लग्न ठरलं. ज्या घरात कृपाबाई विद्यार्थिनी म्हणून राहिल्या, त्याच घरात सून म्हणून आल्या. सासू-सासऱ्यांनी या मुलीला आधी पुस्तकं घेऊन बसलेली पाहिली होती. ती शिकलेली आहे, आजारी पडते, तिला काहीतरी करून दाखवायचं आहे, यातलं काहीच लपलेलं नव्हतं. सगळं माहीत असूनच तिला सून करून घेतलं.

लग्नानंतर सॅम्युएल यांना उटकमंडला ब्रीक्स मेमोरियल स्कूलमध्ये मुख्याध्यापकाची जागा मिळाली. नीलगिरीच्या डोंगरातलं थंड गाव. नवा संसार, बायको मराठी, नवरा तमिळ, आणि बायकोच्या तब्येतीचा भरवसा नाही. अशा वेळी नवऱ्यानं म्हटलं असतं की आता घर सांभाळ, तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याच गावात कृपाबाईंनी चर्च मिशनरी सोसायटीच्या मदतीनं एक शाळा सुरू केली. ती शाळा मुस्लिम मुलींसाठी होती. शिवाय गावातल्या इतर मुलींच्या शाळांमध्येही त्या शिकवायला जात. डोंगरातल्या तोडा लोकांच्या वस्तीला भेट देऊन आल्या आणि त्यावर लेख लिहिला, तो तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला. त्यांच्या लेखनाची सुरुवात तिथली.

मिशनच्या मदतीची शाळा म्हणजे हेतू काय होता, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आम्हाला वाटतं त्याच्या शेजारी दुसराही प्रश्न ठेवावा. लग्न होऊन नुकतीच परमुलखात आलेली, अंगात ताकद नसलेली एक मुलगी आपल्या समाजाच्या मुलींना लिहा-वाचायला शिकवत होती. आज आपल्या घरात शिकलेली सून येते, तेव्हा तिचं शिक्षण गल्लीतल्या चार मुलींच्या तरी कामी येतं का?

पुढची वर्षं सोपी नव्हती. नवऱ्याच्या बदल्या झाल्या. राजमहेंद्री, कुंभकोणम आणि शेवटी पुन्हा मद्रास. प्रत्येक ठिकाणी घर नव्यानं मांडायचं. बायकांच्या वाट्याला हे येतंच, कृपाबाईंनाही ते चुकलं नाही. राजमहेंद्रीत तर आजारपणामुळे शाळेचं काम जमेना, तेव्हा त्या लेख लिहीत राहिल्या. मद्रासला आल्यावर १८८७-८८ मध्ये 'सगुणा' तिथल्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमाक्रमानं प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास त्यांचं एकुलतं एक मूल वर्षाचं व्हायच्या आत गेलं. त्या दुःखानं त्या इतक्या खचल्या की उपचार करावे लागले. मग क्षयाचं निदान झालं. दिवस थोडे आहेत हे कळल्यावर त्यांनी 'कमला' ही दुसरी कादंबरी लिहायला घेतली आणि तापात, अशक्तपणात ती पुरी करत आणली. सासू-सासऱ्यांच्या आठवणीही त्यांनी लिहिल्या. १८९४ साली त्या गेल्या. वय बत्तीस. सॅम्युएल यांनी पुढे दुसरं लग्न केलं. त्या पत्नी, कमला सत्थियनाधन, याही लेखिका, आणि १९०१ पासून त्यांनी मद्रासहून स्त्रियांसाठी इंग्रजी मासिक चालवलं. त्या घरात बायकोच्या हातात लेखणी असणं ही साधी गोष्ट होती, एवढं यावरून दिसतं.

कृपाबाईंचं डॉक्टर व्हायचं स्वप्न पुरं झालं नाही. ते आजारानं मोडलं, लग्नानं नाही. आणि लग्नानंतर जे उरलं होतं, ते त्या घरानं वाया जाऊ दिलं नाही. सून सासूच्या आठवणी लिहून ठेवते, हे काय कमी आहे? आपल्याकडे सुना सासूविषयी बोलतात ते बहुधा दार लावून!

आपल्या दीनमध्ये निकाहला मुलीची संमती लागते, हे आपण सगळे जाणतो. वकील आणि साक्षीदार तिला विचारायला जातात, ती होकार देते, मग खुत्बा. पण ती संमती मुलाला दिलेली असते. पुढचं आयुष्य कसं जाणार याला तिची संमती आपण घेतो का? हजरत खदिजा (र.) व्यापार सांभाळणाऱ्या होत्या, हे आपण मुलींना अभिमानानं सांगतो. घरच्यांशी चांगला वागणारा तोच चांगला माणूस, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. मग मंगनीच्या बैठकीत पाहुण्यांच्या आकड्यावर तासभर घासाघीस करणारे आपण, मुलीच्या शिक्षणाचं काय हे विचारायला का लाजतो?

ख्रिस्ती समाजात लग्न ठरलं की चर्चमध्ये त्याची घोषणा वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं ती लग्नाआधीच सांगावी, असा त्यामागचा विचार. आमच्या त्या बाई म्हणायच्या, "सर, गावाला हरकत विचारतात. आमच्या घरी मग मला आणि त्यांनाही समोरासमोर बसवून विचारलं." नोकरी कुठे करणार, पगार कुणाच्या हातात, आई-वडिलांना कोण बघणार. लग्नाआधी हे बोलणं झालं, म्हणून नंतर भांडणं झाली तरी ती त्याच त्या गोष्टीवरून झाली नाहीत, असं त्या हसून सांगायच्या.

आता भाचीचं. आम्ही साढूंशी बोललो, मग त्यांच्या परवानगीनं मुलाशी. तो कुवेतला कामाला आहे. फोनवर तो आधी अवघडला, मग खरं काय ते बोलला. वडील गेल्यापासून अम्मी घरात एकटी असते. तिला सोबत हवी, म्हणून घाई. शिक्षणाला त्याचा विरोध नव्हता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं! दोन्हीकडे तीच गत.

अम्मींना भेटायला आम्ही दोघं गेलो. त्या पहिल्यांदा रागावल्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, "बाजी, आमच्याही वेळी नव्हतं, म्हणूनच आलोय." बऱ्याच वेळानं त्या एवढंच म्हणाल्या की दवाखान्यातलं काम शिकलेली सून म्हातारपणी उपयोगाची खरी. निकाह परीक्षेनंतर करायचा ठरलं आहे. तोवर भाची सुट्टीच्या दिवशी अम्मींकडे जाऊन येईल. पुढे नोकरी करायची की नाही यावर मात्र अम्मींनी अजून होकार दिलेला नाही, आणि आम्हीही रेटलेलं नाही. ते त्या दोघांनी बोलून ठरवावं. पण शिक्षण पुरं करू देण्याची अट निकाहनाम्यात लिहायची, हे नक्की झालं आहे. दोन्ही बाजूंना मान्य असलेली वाजवी अट निकाहनाम्यात घालता येते, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. काझी साहेबांना आधीच सांगून ठेवावं, ऐनवेळी कागद पुढे करू नये.

आमची विनंती एवढीच. मंगनी ते निकाह हे दिवस फक्त कपडे आणि दागिन्यांच्या खरेदीचे नाहीत. त्या दिवसांत वडीलधाऱ्यांच्या समोर मुलगा-मुलीला तीन गोष्टी बोलू द्या. तिचं शिक्षण आणि काम पुढे कसं चालेल? दोघांच्या आई-वडिलांची जबाबदारी कशी वाटून घ्यायची? आणि दोघांपैकी कुणी आजारी पडलं, तर घर कसं चालवायचं? मुलाकडच्यांनाही विचारा. घाईमागे कधीकधी एखाद्या आईचा एकटेपणा असतो, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही.

लोक काय म्हणतील, निकाह लांबला म्हणजे काहीतरी बिनसलं, असं साढूंना वाटत होतं. त्यांना आम्ही उमरठचीच गोष्ट सांगितली. मुलाच्या, रायबाच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला निघालेले तानाजी कोंढाण्याची कामगिरी पत्करून बसले आणि घरचं लग्न मागे ठेवलं. लग्न पुढे ढकलल्याबद्दल त्या घराला साडेतीनशे वर्षांत कुणी नावं ठेवलेली नाहीत. ते काम फार मोठं होतं, त्याची बरोबरी कुणी करू नये. पण एका मुलीचं उरलेलं एक वर्षही तिच्या घराला मोठंच आहे.

साढू हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, आधी तिची परीक्षा." भाची आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं असावं, कारण थोड्या वेळानं न सांगता चहा आला.

खुदा हाफिज.