प्रोटॉनची पुण्याई आणि अंगाराची परवड

११ एप्रिल २०२४ रोजी रशियाचा 'अंगारा-ए५' हा अग्निबाण अतिपूर्वेकडील व्होस्तोच्नी तळावरून प्रथमच झेपावला. आधीचे दोन दिवस उड्डाण ऐन वेळी रद्द करावे लागले होते. परंतु खरा विलंब दोन दिवसांचा नव्हे. अंगारा बांधण्याचा निर्णय १९९२ सालचा; मॉस्कोच्या ख्रूनिचेव्ह या सरकारी कारखान्याचा हा अग्निबाण प्रत्यक्ष उडण्यास २०१४ साल उजाडले. या बावीस वर्षांचा हिशेब आपणही समजून घेण्याजोगा आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि बैकानूरचा तळ कझाकस्तानात, म्हणजे परदेशात गेला. त्याचे वार्षिक भाडे ११.५ कोटी डॉलर ठरले. कारखान्याचा 'प्रोटॉन' तेथूनच उडे आणि त्याचे इंधनही अतिशय विषारी. तेव्हा स्वतःच्या भूमीवरून, केरोसीन व द्रवरूप ऑक्सिजनवर उडणारा वारसदार हवा, हा विचार रास्तच होता. पण तिजोरी रिकामी होती. कारखाना तगला तो प्रोटॉनच्या पुण्याईवर. अमेरिकी भागीदाराच्या साहाय्याने १९९६ पासून त्याने परकीय उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला व डॉलर येऊ लागले.

येथेच अर्थशास्त्रातील एक प्राथमिक गोष्ट विसरली गेली. प्रोटॉनचे पहिले उड्डाण १९६५ चे. त्याचा आराखडा, यंत्रसामग्री, कामगारांचे कौशल्य हे सारे आधीच्या पिढीने घातलेले भांडवल होते. अशा भांडवलावरील प्राप्ती म्हणजे निव्वळ नफा नव्हे. तिच्यात घसाराही असतो. तो बाजूला न काढता संसार चालविणे म्हणजे वडिलोपार्जित वाड्याचे वासे काढून चूल पेटविणे होय.

परिणाम दिसू लागले. २ जुलै २०१३ रोजी प्रोटॉन उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळला. कोनीय वेग मोजणारी उपकरणे उलटी बसविली गेली होती. २०१७ मध्ये व्होरोनेझ येथे बनलेल्या इंजिनांच्या जोडकामात ठरलेल्या मिश्रधातूऐवजी भलताच वापरल्याचे उघड झाले आणि ७१ इंजिने परत मागवावी लागली. दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने अग्निबाणाचा पहिला टप्पा सुखरूप जमिनीवर उतरवून खर्चाचे गणितच पालटले. कर्जात बुडालेल्या ख्रूनिचेव्हला मॉस्कोतील मोक्याची बरीचशी जमीन सोडावी लागली.

'सरकारी म्हणून बुडाले' हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो टिकत नाही. प्रोटॉन घडविला तो सरकारी कारखान्यानेच. चीनचे 'लाँग मार्च' अग्निबाणही सरकारी आहेत. उलट खाजगी स्पेसएक्सला २००८ मध्ये १६० कोटी डॉलरचे सरकारी कंत्राट मिळाले होते. प्रश्न मालकीचा नाही. नव्या कामासाठी नियमित पैसा देणारा आणि मुदतीत काम मागणारा कोणी आहे की नाही, याचा आहे.

आपला याच्याशी संबंध आहे. २००१ मध्ये उडालेल्या पहिल्या जीएसएलव्हीचा वरचा टप्पा ख्रूनिचेव्हनेच पुरविला होता. तसा स्वदेशी टप्पा यशस्वी होण्यास २०१४ साल लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या अग्निबाणासाठी ८,२४० कोटी रुपये आणि ९६ महिन्यांची मुदत मंजूर केली. आपला पीएसएलव्ही १९९३ पासून उडतो आहे. त्याचे कौतुक जरूर व्हावे. मात्र नव्याचा हप्ता वेळेवर भरला गेला काय, हा प्रश्न दर अंदाजपत्रकाच्या वेळी विचारला गेला पाहिजे.