सहा महिन्यांची रात्र आणि माणसाचे मन

पावसाची चार दिवस झड लागली, की एका खोलीच्या घरात काय होते ते वाचक बंधू-भगिनींना आम्ही सांगायला नको. कुणी भांडे आदळले, कुणी जोरात खोकले, एवढ्यावरून तंटा होतो. मग महिनोन् महिने दाराबाहेर कुठे जाताच येत नसेल, तर माणसांचे काय होत असेल?

१८९८ साली बेल्जियमचे ‘बेल्जिका’ जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले, ते वर्षभर अडकून राहिले. त्यातले दोन महिने सूर्य उगवलाच नाही. जून महिन्यात एक अधिकारी हृदयविकाराने गेला. बाकीच्यांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, बोलणे-चालणे बंद झाले. काहींचा मनावरचा ताबा सुटला. जहाजाचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्यांना आळशी वा भित्रे ठरवले नाही. हा आजार आहे, असे मानून त्यांनी इलाज शोधला. माणसांना शेगडीच्या उबेत आणि उजेडात उभे केले, पेंग्विन व सीलचे ताजे मांस खायला लावले, रोज बर्फावर फिरायला पाठवले. पुढे सर्वांनी मिळून करवतींनी बर्फ कापून जहाजाला वाट करून दिली. मार्च १८९९ मध्ये जहाज सुटले.

अमेरिकेचे रिचर्ड बर्ड १९३४ साली अंटार्क्टिकावर कित्येक महिने एकटे राहिले. त्यांनी लिहून ठेवले आहे, की तळावरचा एक जण प्रत्येक घास अठ्ठावीस वेळा चावत असे. ते पाहणे असह्य होऊन दुसरा त्याच्या नजरेआड जेवायला बसे. माणसे वाईट नव्हती. कोंडलेपणात लहान गोष्टही डोंगराएवढी होते.

आज अंटार्क्टिकावर फ्रान्स व इटली यांचे ‘कॉन्कॉर्डिया’ हे केंद्र आहे. हिवाळ्यात तिथे बारा-पंधरा माणसे राहतात. बाहेरची थंडी उणे ८० अंशांपर्यंत जाते आणि अनेक महिने विमान उतरू शकत नाही. युरोपीय अंतराळ संस्था दरवर्षी तिथे एक डॉक्टर पाठवून माणसांची झोप, मन आणि आपसांतले संबंध यांचा अभ्यास करते. मंगळाच्या प्रवासाची ही तालीम आहे.

पृथ्वीजवळच्या अंतराळ स्थानकातले लोक घरच्यांशी बोलतात, मानसतज्ज्ञांशीही खासगीत बोलतात. मंगळावरून मात्र एक शब्द पोहोचायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. तिथे ‘हॅलो’ म्हणून उत्तराची वाट पाहावी, तोवर चहा थंड होईल. म्हणूनच ठरलेला दिनक्रम, एकत्र जेवण, थोडा एकांत आणि कुरबुर वेळीच बोलून टाकण्याची सवय, या गोष्टी यानातल्या यंत्रांइतक्याच महत्त्वाच्या मानल्या जातात.

आमचे म्हणणे एवढेच. निवडक, सुदृढ, शिकलेल्या माणसांचेही मन थकते आणि त्याची दखल घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्या घरात कुणाची झोप उडाली, जेवण सुटले, कुणी गप्प राहू लागले, तर ‘नाटक करतो’ म्हणून हसू नये. शेजारी बसावे, सोबत जेवावे, आणि गरज पडली तर संकोच न करता डॉक्टरांकडे घेऊन जावे.