कडेवर कोरलेले नाव

वसईतल्या पाचूबंदरच्या वाटेवरील एका घरात, १९७१ च्या युद्धात नौदलाच्या जहाजावर इंजिनखान्यात राबलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून, रेशनकार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्यांखाली दडलेले संग्राम पदक काढून माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा मला त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. फीत विटलेली, धातू काळवंडलेला. “शौर्याचं नाय ते,” त्यांनीच खुलासा केला, “नोकरीत होते त्या सगळ्यांना मिळालं.” युद्धाच्या दिवसांत त्यांना समुद्र असा दिसलाच नव्हता, पोलादी भिंतीपलीकडे तो आहे, एवढे कानांना कळत होते.

सर्वांना मिळाले म्हणून ते क्षुल्लक, हा आपला हिशेब मला मान्य नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, हे आपण अभिमानाने सांगतो; पण मुल्लांसह १८ अधिकाऱ्यांसमवेत जे १७६ नौसैनिक गेले, त्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्यातील किती जणांच्या ओठी येईल? शौर्याचे पदक विरळा मनुष्य मिळवितो. मोहिमेचे पदक मात्र, वाफेच्या आणि तेलाच्या वासात जहाज चालते ठेवणारे हातही रणांगणावरच होते, अशी सरकारने दिलेली कबुली असते.

वसईला हे निराळे सांगायला नको. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला सर केला, तेव्हाच्या विजयाची निशाणी म्हणून नाशिकची नारोशंकराची घंटा आजही लोक कौतुकाने पाहतात. परंतु त्याच मराठी राज्याच्या दफ्तरांत, कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस दिलेल्या बालपरवेशीच्या नोंदीही आहेत, आणि मला विचाराल तर घंटेपेक्षा त्या कागदाचा नाद अधिक दूर जातो. आपल्याकडे चौकात तोफ बसविण्याची हौस दांडगी. त्याऐवजी महानगरपालिकेने घरोघर एक कारकून धाडून, अशा पदकांवरील नाव, क्रमांक आणि जहाज यांची एक साधी वही करावी. खर्च तोफेच्या चौथऱ्याइतकाही येणार नाही.

निघताना सूनबाईंनी सांगितले की, दिवाळीत तांब्याच्या भांड्यांबरोबर हेही त्या चिंचेने घासून काढतात. मी पदक खिडकीशी नेऊन त्याची कड उजेडात फिरविली. क्रमांक स्पष्ट होता. आडनावाची शेवटची दोन अक्षरे झिजून गेली होती.