डिस्क बदलली, बिल दिलं… पण मिरर जुळला का?



आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण तो आयटीवाल्यांसाठी नाही, मालकासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क काढून नवी बसवली म्हणजे काम झालं, असं समजू नका. दोन्ही डिस्क 'हेल्दी' दिसेपर्यंत आणि बॅकअपमधली एक फाइल तुमच्या डोळ्यासमोर उघडेपर्यंत पूर्ण बिल देऊ नका.

मिरर म्हणजे नक्की काय?

श्रीरामपूरचा फोटो स्टुडिओ घ्या, संगमनेरकडचं दूध संकलन केंद्र घ्या, नाहीतर नगरच्या कापड बाजारातलं होलसेल दुकान घ्या. असल्या ठिकाणी आता दोन डिस्कचा छोटा सर्व्हर किंवा नॅसचा डबा दिसतो. त्यात मिररिंग केलेलं असतं, त्यालाच रेड-१ म्हणतात. एका डिस्कवर जे लिहिलं जातं, तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

'रेड' हे नाव १९८८ च्या एका शोधनिबंधातून आलं. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो लिहिला होता. महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र जोडून वापरा, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे विचार मुळातच आपल्यासारख्या खिसा बघून चालणाऱ्या माणसाच्या सोयीचा आहे.

एक डिस्क गेली की स्क्रीनवर 'डिग्रेडेड' असं येतं. बैलगाडीचा एक बैल बसला आणि गाडी दुसऱ्यावर ओढली जातेय, अशी ती अवस्था. गाडी चालते म्हणून आपण निवांत राहतो, आणि इथेच घात होतो.

नवी डिस्क लावूनही 'डिग्रेडेड' का दिसतं?

कारणं ठरलेली आहेत. क्रमाने बघा.

१. रिबिल्ड अजून चालू आहे. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला वेळ लागतो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरली तरी साधारण साडेसात तास जातात. दुकानाचं काम चालू असेल तर आणखी जास्त. मध्येच लाइट गेली तर काम पहिल्यापासूनही सुरू होऊ शकतं. त्यामुळे यूपीएस आधी तपासा आणि रिबिल्ड शक्यतो दुकान बंद झाल्यावर लावा.

२. रिबिल्ड सुरूच झालेलं नाही. बऱ्याच नॅसमध्ये डिस्क बसवल्यावर 'रिपेअर' स्वतः दाबावं लागतं. लिनक्सच्या सर्व्हरवर नवी डिस्क हाताने मिररमध्ये जोडावी लागते. नुसती खाचेत सरकवून भागत नाही.

३. नवी डिस्क किंचित लहान आहे. दोन्हीवर '४ टीबी' लिहिलेलं असलं तरी वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या मॉडेलची डिस्क थोडी कमी भरू शकते. मिररला जुनीपेक्षा लहान डिस्क चालत नाही.

४. डिस्क वापरलेली आहे. तिच्यावर जुनी पार्टिशन किंवा दुसऱ्या मिररच्या खुणा असतील, तर सिस्टिम तिला घेताना अडते.

५. डिस्कचा प्रकार चुकला. काही डिस्क एसएमआर तंत्राच्या असतात आणि सलग मोठं लिखाण आलं की त्या फार मंदावतात. नॅससाठी म्हणून विकलेल्या आपल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचं वेस्टर्न डिजिटल कंपनीने एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं होतं. म्हणून मिररसाठी सीएमआर डिस्कच मागा.

६. दोष केबलचा किंवा खाचेचा आहे. मग नवी डिस्कही काही वेळाने बाहेर फेकली जाते.

७. उरलेली जुनी डिस्कच आजारी आहे. हे सगळ्यात धोक्याचं. दोन्ही डिस्क आपण एकाच दिवशी घेतलेल्या असतात आणि दोन्ही तेवढेच तास फिरलेल्या असतात. रिबिल्डमध्ये जुन्या डिस्कचा कोपरा न कोपरा वाचावा लागतो, तेव्हा लपलेले खराब सेक्टर उघडे पडतात. रिबिल्ड दर वेळी एकाच टक्क्यावर अडत असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. जेवढा डेटा निघतोय तेवढा आधी बाहेर काढा.

म्हणून क्रम एकच: आधी डेटाची वेगळी कॉपी, मगच डिस्कला हात. आणि डिस्क ओढण्यापूर्वी स्क्रीनवरचा सिरियल नंबर आणि डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून बघा. घाईत चांगली डिस्क बाहेर आली तर एकमेव धड कॉपी हातात येते आणि सर्व्हरमध्ये खराब डिस्क उरते.

मिरर म्हणजे बॅकअप नाही

मिरर दुकान चालू ठेवतो, पण डेटा सांभाळायची हमी देत नाही. कामगाराने चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअर आला तर दोन्हीवर कुलूप. चोरी झाली किंवा आग लागली तर डबाच जातो.

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली, वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. राज्याच्या कारभाराचं मुख्य ठिकाण असूनही कागद वाचले नाहीत. मग आपल्या दहा बाय पंधराच्या गाळ्याची काय कथा? एक कॉपी दुसऱ्या जागी पाहिजेच, घरी नाहीतर क्लाउडवर.

आणि हा फक्त शहाणपणाचा प्रश्न नाही. जीएसटी नोंदणी असेल तर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. नियम ५७ म्हणतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवा, म्हणजे अपघातात त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत मिळवता येतील. त्यामुळे 'डिस्क गेली हो साहेब' हे उत्तर देऊन सुटका होईल, अशा भरवशावर राहू नका.

विचारायला लाज कसली?

आपल्याकडे खरी अडचण तंत्राची नसते, संकोचाची असते. टेक्निशियन ओळखीचा, कधी पाहुण्यातला. त्याला 'दाखव बरं' म्हटलं तर अविश्वास वाटेल, असं मालकाला वाटतं. मला हे पटत नाही. दूध घालायला येणाऱ्या शेतकऱ्याचं फॅट आपण रोज मोजतो, तो रुसतो का? मोजमाप हा व्यवहार आहे, संशय नाही. चांगला टेक्निशियन उलट खूश होतो, कारण पुढे काही झालं तर त्याचंही नाव वाचतं.

काही जण म्हणतील, एवढ्याशा धंद्याला हे कशाला? अहो, मोठ्या कंपनीकडे दुसरा सर्व्हर असतो, माणसं असतात. आपल्याकडे उधारीची यादी एकाच ठिकाणी असते. ती गेली तर कोणाकडून किती येणं आहे, हे समोरच्याच्या प्रामाणिकपणावर सोडावं लागतं. लग्नाचे फोटो गेले तर पैसे परत करता येतील, पण ते लग्न पुन्हा लावता येत नाही.

या आठवड्याचं काम

- सर्व्हर किंवा नॅसचं पान स्वतः उघडा. दोन्ही डिस्क हेल्दी आहेत का बघा आणि फोटो काढून ठेवा.
- डिस्क बिघडल्याचा मेसेज किंवा ईमेल तुमच्या मोबाइलवर येईल अशी सेटिंग करून घ्या.
- बॅकअपमधून मागच्या महिन्याचं एक बिल परत काढून बघा. निघालं नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच धरा.
- एएमसीच्या कागदावर एक ओळ वाढवा: 'रिबिल्ड पूर्ण झाल्याचा आणि फाइल परत मिळाल्याचा पुरावा दाखवल्यावरच उरलेली रक्कम.'

अर्ध्या तासाचं काम आहे. दुकान उघडून उदबत्ती लावली की लगेच करून टाका.