दोन अक्षांचा आलेख लोकांसमोर नको

आर्वी तालुक्यातील काकडदरा गावाने २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. अशा जलसंधारणाच्या कामाचा खरा हिशेब मांडताना विहिरींची पातळी सांगून भागत नाही. त्या वर्षी पाऊस किती झाला हेही शेजारी मांडावे लागते. पाऊस शेकडो मिलिमीटर, पाणी काही मीटर. एकाच अक्षावर दोन्ही काढले तर विहिरींचे स्तंभ दिसेनासे होतात. म्हणून एक्सेलमध्ये उजवीकडे दुय्यम अक्ष जोडला जातो. गरज खरी आहे, तरी ग्रामसभेत, बाजार समितीत किंवा वर्तमानपत्रात दोन अक्षांचा स्तंभालेख वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

कारण दोन मोजपट्ट्यांमधले नाते आकडे ठरवत नाहीत, आलेख काढणारा ठरवतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२०-२१ मध्ये क्विंटलला ५,५१५ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ७,७१० झाला. वाढ सुमारे ४० टक्के. अक्ष शून्यापासून सुरू केला तर स्तंभांतही तेवढाच फरक दिसतो. ५,००० पासून सुरू केला की शेवटचा स्तंभ पहिल्याच्या पाचपटीहून उंच होतो. आता शेजारी दुसऱ्या अक्षावर एकरी लागवड खर्चाचे स्तंभ उभे करा. भावाचा अक्ष ताणून खर्चाचा शून्यापासून ठेवला, तर शेतकऱ्याला भरभरून मिळाले असे वाटेल. उलट केले, तर भाव जागीच आणि खर्च आभाळाला. दोन्ही चित्रांत एकही आकडा खोटा नसेल. खर्चाचा स्तंभ भावाच्या स्तंभाला मागे टाकतो त्या वर्षाकडे लोक बोट दाखवतील. पण एकराचे रुपये आणि क्विंटलचे रुपये यांच्या उंचीची अशी तुलनाच होत नाही.

यावर सांगितले जाते की अक्षांना नावे आणि रंग दिले की पुरे. पण नजर आधी उंची टिपते, मोजपट्टी नंतर वाचते. शिवाय दोन्ही मालिका स्तंभांच्या असतील तर दुय्यम अक्षाचे स्तंभ मूळ स्तंभांवर चढतात, आणि ते बाजूला सरकवायला रिकाम्या मालिका घालाव्या लागतात. एक मालिका रेषेने दाखवली तर ही अडचण सुटते, मोजपट्टीची सुटत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: भूजलाचे अभ्यासक पाऊस वरून खाली लोंबणाऱ्या स्तंभांनी आणि पाण्याची पातळी त्याखाली रेषेने दाखवतात. ते रास्तच आहे, कारण तो संकेत वाचणाऱ्याला ठाऊक असतो. पातळी जमिनीपासून खाली मोजतात, म्हणजे आकडा वाढला की पाणी खोल गेले, हे त्याला सांगावे लागत नाही. ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. क्विंटल आणि टन अशी एकाच राशीची दोन मापे असतील तर मात्र दोन अक्षांना हरकत नाही.

पर्याय अवघड नाहीत. पाऊस आणि पाणी यांचे दोन आलेख एकाखाली एक, तीच वर्षे जुळवून काढावेत. भाव आणि खर्चासाठी त्याहून चांगला मार्ग गुणोत्तराचा आहे. आलेखांचा प्रणेता विल्यम प्लेफेअर याने १८२१ च्या सुमारास इंग्लंडमधील गव्हाचा भाव स्तंभांनी आणि कारागिराची मजुरी रेषेने एकाच चित्रात दाखवली. मजुरीच्या मानाने गहू कधी नव्हे इतका स्वस्त झाला, हे त्याला पटवायचे होते. पण गव्हाच्या एका मापासाठी किती आठवड्यांची मजुरी लागते, हा आकडा त्या चित्रात नव्हता, आणि मुद्दा हरवला. आपण कापसासाठी तसा आकडा काढू शकतो. एकरी खर्च भागिले क्विंटलचा भाव, एवढे सूत्र एका रकान्यात लिहिले की खर्च भरून निघायला एकरी किती क्विंटल कापूस विकावा लागतो ते कळते. त्याचे स्तंभ शून्यापासून, एकाच अक्षावर उभे करावेत. आर्वीचा शेतकरी तो आकडा आपल्या शेतातल्या उताऱ्याशी थेट ताडून पाहू शकेल, आणि त्यासाठी आलेख काढणाऱ्याच्या सचोटीवर त्याला विसंबावे लागणार नाही.