दीडशहाण्यांची बैठक

मराठी भाषेने शहाणपणाची मोजणी मोठ्या काटेकोरपणे केलेली आहे. पेशवाईच्या काळात साडेतीन शहाणे होऊन गेले असे आपण म्हणतो, आणि त्यातले अर्धे म्हणजे प्रत्यक्ष नाना फडणीस. कारण त्यांच्यापाशी मुत्सद्देगिरी होती, पण तलवार नव्हती. नानांनाही अर्ध्यावर ठेवणाऱ्या या भाषेने ‘दीडशहाणा’ हा शब्द मात्र टोमण्यासाठी राखून ठेवला.

सर्व काही आपल्यालाच कळते असे मानणारा सहकारी प्रत्येक कार्यालयात असतो. तो महसूल खात्यात असला तर एखादी फाईल अडते, फार तर एखादे अपील वाढते. आरोग्यसेवेत असला तर माणूस दगावू शकतो. म्हणून या खात्यात त्याच्याकडे केवळ स्वभावदोष म्हणून पाहून चालणार नाही, असे माझे मत आहे. नम्रता हा सद्गुण आहे हे खरेच. पण सद्गुण बदलीच्या आदेशाबरोबर येत नाहीत आणि प्रशिक्षणवर्गातही मिळत नाहीत. प्रशासनाच्या हाती असते ती कार्यपद्धती. नम्रता तिच्यात बसवावी लागते.

एक उदाहरण देतो. उत्तरेकडील एका राज्यात मी जिल्ह्याचा प्रमुख होतो. केंद्र शासनाने २०१० मध्ये मातामृत्यूंच्या आढाव्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. गरोदरपणात, प्रसूतीत किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत त्या कारणाने झालेल्या मृत्यूची छाननी करायची, निवडक प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यासमोर मांडायची, मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलवायचे, आणि हे सारे कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे, तर व्यवस्थेतील उणीव शोधण्यासाठी, अशी ती योजना. कागदावर अतिशय सुंदर.

प्रत्यक्षात बैठकीची रचना आपल्याकडे जशी असते तशीच होती. मोठ्या टेबलाभोवती मी, मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि तज्ज्ञ डॉक्टर. मागच्या भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एएनएम आणि आशा कार्यकर्त्या. नातेवाईक बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. एका बाळंतिणीच्या मृत्यूचे प्रकरण निघाले. तिथले ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ हाताने कुशल, कष्टाळू आणि निष्कलंक गृहस्थ होते. पण समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे त्यांना जमत नसे. पाच मिनिटांत त्यांनी निकाल दिला : तीव्र रक्तक्षय, रुग्णाला उशिरा आणले, कुटुंब अडाणी. फॉर्म भरून झाला असता.

सूचनेप्रमाणे नातेवाइकांना आत बोलावले. मृत मुलीची सासू बोलली, तीही ठेठ गावच्या बोलीत. ‘उशीर’ घरी झालेलाच नव्हता. कळा सुरू होताच ते निघाले होते. वेळ गेला तो तालुक्याच्या इस्पितळात वाहनाची वाट पाहण्यात, आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी रक्त नाही म्हणून. सासू म्हणाली, “बहनजी तर महिन्याभरापूर्वीपासून सांगत होती, हिला रक्त लागेल.” मग मागच्या खुर्चीवरच्या एएनएमची नोंदवही मागवली. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली, दोन वेळा नोंदलेले, पुढे तिच्या हातचा शेरा. हे तिने वर कळवले होते का? फोन केला होता. उत्तर मिळाले होते, “आम्हांला शिकवू नका.”

हे उत्तर त्या तज्ज्ञांनी दिलेले नव्हते. त्यांच्या हाताखालच्या कोणी तरी दिले होते. त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हते. मला महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. सर्वज्ञ माणसाच्या भोवतालचे लोक त्याला काही सांगण्याचे हळूहळू बंद करतात, आणि त्याची बोलण्याची ढब खालचे उचलतात. परिणामी ज्याला सर्व माहीत असल्याची ख्याती, त्याच्यापर्यंतच सर्वांत कमी माहिती पोचते.

त्यानंतर आम्ही बोलण्याचा क्रम उलटा केला. आधी नातेवाईक, मग आशा, मग एएनएम, मग वैद्यकीय अधिकारी, तज्ज्ञ सर्वांत शेवटी, आणि अध्यक्ष त्यांच्याही नंतर. मध्ये कोणी बोलायचे नाही. पहिल्या दोन बैठका अवघडलेल्या गेल्या. बोलण्यापूर्वी बायका डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत. तिसऱ्या बैठकीत वातावरण सैलावले. तज्ज्ञांचा स्वभाव काही पालटला नाही, तो माझ्या बदलीपर्यंत तसाच होता. पण सर्व ऐकून झाल्यावर बोलायचे असल्यामुळे त्यांचे ज्ञान प्रथमच नेमक्या जागी लागले. पुढील महिन्यात प्रसूत होणाऱ्या, तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांची यादी प्रसूतिकक्षात आधीच लावावी आणि रक्तपेढीला द्यावी, ही सूचना त्यांचीच.

अशा सहकाऱ्याशी चारचौघांत वाद घालणे मी टाळतो. त्याची प्रतिष्ठा पणाला लागली की रुग्ण बाजूला राहतो. “कशावरून?” हा एकच प्रश्न, तोही शांतपणे, पुष्कळ काम करतो. आणि उत्तर लिहून घ्यावे. लेखी उत्तर देताना माणूस थोडा सावध होतो.

नम्रतेचा अर्थ सर्वांची मते सारखी, असा मात्र मुळीच नाही. रक्तस्राव चालू असताना मतदान घेत नाहीत. तेव्हा एकाने हुकूम द्यावा आणि इतरांनी तो पाळावा. मोबाइलवरचा संदेश दाखवून डॉक्टरांना औषध सुचवणारा नातेवाईक हाही दीडशहाणाच. आणि आमच्या सेवेविषयी काय सांगावे! काल साखर, आज आरोग्य, उद्या बंदरे. नवे खाते मिळाल्यावर पंधरवड्यात त्यातले सर्व काही कळू लागते, असा हा चमत्कार.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली असेल. बदलीच्या मुलखात भाषाही उतरंड तयार करते. डॉक्टर एका प्रांताचा, परिचारिका केरळची, आया स्थानिक बोली बोलणारी. जिला सफाईदार हिंदी किंवा इंग्रजी येत नाही तिला कळतही नाही, असे नकळत धरले जाते. त्या सासूचे बोलणे समजून घ्यायला आम्हांला आशा कार्यकर्तीची मदत घ्यावी लागली. अडाणी कोण होते, हा प्रश्नच आहे.

खालच्या माणसाच्या हाती ज्ञान सोपवण्याचे फळ या देशाने पाहिलेले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन पुरत नव्हते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आले. तरीही हे तज्ज्ञांच्या गळी उतरायला बराच वेळ लागला. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामाचा भाग बनला.

नम्रता कार्यपद्धतीत कशी बसवतात, याचा उत्तम नमुना म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी-यादी. ती तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्या यादीतला एक टप्पा. जिने एकदा आपले नाव मोठ्याने सांगितले, तिला पुढे “डॉक्टर, थांबा” म्हणणे सोपे जाते. जगातल्या आठ शहरांतील इस्पितळांत, त्यात दिल्लीतलेही एक होते, ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. तिथल्या कर्मचाऱ्यांना मत विचारले तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा लोकांना ही यादी सोयीची वाटली नव्हती. मग विचारले, शस्त्रक्रिया तुमची स्वतःची असेल तर ही यादी वापरलेली तुम्हांला हवी का? ९३ टक्के लोक हो म्हणाले.